आईची ओळ, बापाची ओळ

परभणीहून येऊन आठ दिवस झाले, तरी माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली कापसाच्या हिरव्या बोंडाचा काळसर डाग आहे. तो धुऊन जात नाही, आणि खरे सांगायचे तर मी तो फार मनापासून धुतलेलाही नाही.

निघण्यापूर्वी पुण्यातल्या ज्या ज्या व्यक्तीला मी परभणीला चालले आहे असे सांगितले, तिने "का?" एवढेच विचारले. वेरूळला जाणाऱ्याला कुणी असे विचारत नाही. हे लिखाण म्हणजे त्या "का"चे उत्तर. ते थोडे लांबले आहे, पण मुक्कामही ठरल्यापेक्षा लांबलाच.

कारण म्हणाल तर सुमेधा. पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षे आम्ही एका खोलीत राहिलो. मी पहाटे मोठ्याने कविता म्हणत असे आणि ती फळांवरच्या माश्या बाटल्यांत वाढवत असे. दोघींनी एकमेकींचे निमूट सोसले आणि त्यातून मैत्री झाली. आता ती विलायतेतल्या एका प्रयोगशाळेत असते आणि माश्यांवरून उंदरांवर आली आहे. रजेवर माहेरी, बोरीला, आली असताना तिने मला कार्ड टाकले: "दसऱ्यानंतर ये. कापूस फुलात असतो. तुला फुलं आवडतात आणि मला तुझी बडबड."

रविवार, बोरी

रात्रीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सकाळी परभणीच्या स्टँडवर सुमेधा उभी होती आणि अर्ध्या तासाने आम्ही बोरीवरून जाणाऱ्या जिंतूरच्या एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. बाहेर काळी जमीन. मी कोकणातली, माझ्या डोळ्यांना लाल मातीची सवय. ही काळी माती प्रकाश परतवत नाही, आत ओढून घेते. तिच्यावर ऑक्टोबरचे ऊन पडले की वाटते, कुणी शाईवर मध सांडला आहे.

"तू नेमकं काय करतेस, ते मला कळेल असं सांग," मी म्हटले.

"आपल्यात प्रत्येक जनुक दोनदा असतं," ती म्हणाली. "एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. बहुतेक जोड्यांत दोन्ही काम करतात. पण थोडी जनुकं अशी आहेत, की ती कुणाकडून आली यावर सगळं ठरतं. बापाकडून आलं तर बोलेल, आईकडून आलं तर गप्प बसेल. अक्षर न् अक्षर तेच, फक्त वर एक खूण असते. पुढच्या पिढीत ती पुसली जाते आणि नव्यानं लागते. ही खूण कुठे बसते ते आम्ही शोधतोय. त्यासाठी डीएनएचा एक भला मोठा तुकडा घ्यायचा, यीस्टमध्ये वाढवायचा आणि उंदराच्या नुकत्याच फळलेल्या अंड्यात सोडायचा. मग त्या उंदराची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं..."

पलीकडच्या बाकावरचे पटकेवाले गृहस्थ हे सारे कान देऊन ऐकत होते.

"उंदरं पाळता तुमी?"

"हो."

"किती?"

"असतील चारशे."

ते दिवस कसले होते हे वाचकांना आठवत असेल. सुरतेच्या प्लेगच्या बातम्या अजून रोज येत होत्या आणि शेजारच्या बीडचेही नाव त्यांत होते. गृहस्थ उठले. "लोक गाव सोडून पळायलेत, अन् ह्या बाई चारशे पाळायल्या," असे कंडक्टरला ऐकवून ते झरीपर्यंत उभ्याने गेले. सुमेधाने शांतपणे त्यांच्या जागेवर पिशवी ठेवली. "बघ," ती म्हणाली, "विज्ञानाचा उपयोग होतो."

तिचे वडील निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणते आणि घरही. बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी, तेवढ्याच निगुतीने काचेत बसवलेले, जानेवारीतल्या वर्तमानपत्राचे कात्रण: विद्यापीठाचे नामांतर झाल्याचे. मी ते वाचते आहे हे पाहून गुरुजी म्हणाले, "ठराव झाला तेव्हा ही शाळेत होती. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, पीएच.डी. झाली, मग नाव बदललं. एक नाव बदलायला तीन पदव्यांइतका वेळ लागतो, बाई."

त्या सोळा वर्षांत आणखी काय काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारवले नाही. सुमेधाच्या आईने सुशीलाची ताटली पुढे केली. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेले मुरमुरे, त्यांना मिरचीची फोडणी आणि दाण्याचे भरड कूट. आमच्याकडे जे जे नारळाने साधते ते इथे शेंगदाण्याने साधते, आणि समुद्राची उणीव कुणाला जाणवतही नाही.

दुसरा घास तोंडात असतानाच शेजारच्या कासाबाई पिंजरा घेऊन दारात आल्या. आत एक जाडजूड उंदीर.

"सुमे, ह्यो तसला हाय का बग बाई."

सुमेधाने पिंजरा उजेडात धरला, उंदराला चहूबाजूंनी न्याहाळले आणि गंभीरपणे निकाल दिला, "नाही काकू. हा धडधाकट आहे. तुमच्या कणगीतली ज्वारी मानवलीय त्याला. पण हात नका लावू, आणि घरात दुसरा मेलेला दिसला तर आधी दवाखान्यात कळवा."

दुपारपर्यंत आणखी चार पिंजरे आले. विलायतेतली विद्वत्ता पहिल्यांदाच गावाच्या उपयोगी पडत होती, आणि गुरुजी ओट्यावर बसून येणाऱ्यांना रांगेत उभे करत होते.

सोमवार, चारठाणा

जुनी देवळे पाहायला जिंतूरच्या पुढे चारठाण्याला गेलो. तिथे देवळे गावाबाहेर, वेगळी काढून ठेवलेली नाहीत. ती गावात मिसळली आहेत. एक उंच दगडी खांब आकाशात एकटाच उभा आहे, आणि त्याच्या आसपासच्या घरांच्या भिंतींत नीट पाहिले तर मधूनच एखादा कोरीव दगड डोळा उघडतो: कुठे अर्धे कमळ, कुठे नुसते पैंजण घातलेले पाऊल. मी एका पावलावर हात ठेवला. उन्हाने तापलेला तो दगड ताप आलेल्या माणसाच्या तळव्यासारखा लागला.

"हे पाऊल कुणाचं, सांग," सुमेधा म्हणाली.

"नर्तकीचं."

"किंवा द्वारपालाचं. किंवा देवीचं. सांगता येत नाही, कारण आजूबाजूचं काहीच आलेलं नाही. पूर्वी आम्ही डीएनएचे असेच लहान तुकडे उंदरात सोडायचो. ते जिथे जाऊन बसायचे तिथलं वळण घ्यायचे. आईकडून आलो की बापाकडून, हे त्यांना आठवतंय की नाही, तेच कळायचं नाही."

पुढच्या गल्लीत एका गोठ्याला अख्खी कोरीव चौकट बसवलेली होती. उंबरठा, दोन्ही बाह्या, वर मधोमध गणपती. आत म्हैस रवंथ करत होती. घरधनीण कडबा टाकता टाकता म्हणाली, "सासऱ्याच्या बापानं आनून बशिवली. बगा तुमी, म्हैसबी उजवाच पाय आदी टाकती."

आम्ही तिघी इतक्या हसलो की म्हैस दचकली.

"हा मोठा तुकडा," हसू ओसरल्यावर सुमेधा म्हणाली. "देऊळ गेलं तरी या दाराला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते ठाऊक आहे. जनुक, त्याचा शेजार आणि त्या शेजारातली चालू-बंद करणारी कळ, असं सगळं एकत्र उचललं तर ते परक्या घरातही घरच्यासारखं वागतं का, एवढंच मला पाहायचंय."

परतताना मला वाटले, प्रवास संपला. पाहायचे ते पाहिले, समजायचे ते समजले. सुमेधा म्हणाली, "उद्या झरीला आत्याकडे जेवू आणि तू संध्याकाळची गाडी पकड."

मंगळवार, झरी

गयाबाई गुरुजींची धाकटी बहीण. बुटक्या, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी त्या नागपूरला गेल्या होत्या आणि सोमवारी संध्याकाळीच परतल्या होत्या. झरीत त्यांची टोळी आहे, चौदा बायांची. ही टोळी कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर संकराचे काम करते. मागे या बाया मिळेल त्या रानात मिळेल ते काम करत. आता हंगामाच्या आधी शेतकरी गयाबाईंच्या दारी येऊन तारीख ठरवतात. यंदाची तारीख बाबूरावांनी ठरवली होती.

बाबूराव झरीतले बऱ्यापैकी जमीनदार. हसतमुख, भरपूर बोलणारे. त्यांनी लिंबाखाली आम्हाला चहा पाजला आणि काम दाखवायला नेले. हे काम मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. उद्या उमलणारी कळी आदल्या दुपारी नखाने सोलायची, पाकळ्यांबरोबर केसरही काढायचे, मधला कोवळा दांडा तेवढा ठेवायचा आणि त्याला लाल कागदाची टोपी घालायची. ही झाली आईची ओळ. सकाळी बापाच्या ओळीतले फूल तोडून आणायचे, टोपी काढून त्या दांड्यावरून अलगद फिरवायचे आणि देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचे बोंड संकराचे; बिनदोऱ्याचे खुडून टाकायचे. मोठ्या रानात टोळीतल्या बाया हे करत होत्या, फुलाला फूल टेकवत, आणि मधूनमधून एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत. इतके नाजूक काम इतक्या मोठ्या आवाजात चाललेले मी पाहिले नव्हते.

मोठ्या रानात चार ओळी आईच्या, एक बापाची, असा सरळ हिशेब होता. विहिरीपलीकडच्या तुकड्यात मात्र बी कमी पडल्याने दोन्ही वाणांच्या आठ-आठ ओळी शेजारी लावलेल्या. कुठला वाण कुठला, हे सांगायला दोन लोखंडी पाट्या. गयाबाई नसताना तिथे टोळीतल्याच पाच नव्या मुली काम करत होत्या.

गयाबाईंनी चालता चालता एक पान तोडले आणि गालाला लावले. थांबल्या. दुसरे तोडले, तेही लावले.

"ही आई न्हाई," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. त्यांनी एक पान माझ्या गालाला लावले, मग पलीकडच्या पट्ट्यातले दुसरे. पहिले गुळगुळीत, पाण्यासारखे थंड. दुसऱ्यावर बारीक लव, बाळाच्या पाठीवर असते तशी. "लव आईच्या पानाला असती," गयाबाई म्हणाल्या. आणि गुळगुळीत पानांच्या त्या पट्ट्यात, "आई" लिहिलेल्या पाटीमागे, शेकडो देठांना दोरे बांधलेले होते.

"पाट्या कुनी हलिवल्या?"

"हलवतंय कोन?" बाबूराव म्हणाले. "खंडेनवमीला काढल्या, धुतल्या, हळदकुंकू लावलं, दसऱ्याला परत रोवल्या. नांगर पुजायचा, पाभर पुजायची, खुरपी पुजायची, मग पाट्यांनीच काय घोडं मारलं?"

खरेच, दोन्ही पाट्यांवर कुंकवाचे बोट सुकून राहिले होते.

"रोवताना कंची कुठं व्हती ते बगितलं?"

बाबूरावांनी विहिरीकडे पाहिले. "रंग येक, उंची येक. झाली असंल गल्लत."

म्हणजे सणानंतर काम पुन्हा सुरू झाल्यापासून, रविवार, सोमवार आणि ही अर्धी सकाळ, त्या मुलींनी आईचे फूल बापाला लावले होते. मी सुमेधाकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्या पिंजऱ्यांवर अशाच चिठ्ठ्या असतात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डावीकडे बाप, उजवीकडे आई. कुणी पुसायला काढून उलट लावल्या तर माझी दोन वर्षं गेली."

गुरुवारी बियाणे तपासणीस यायचे होते. उलट्या बाजूचे एक जरी दोऱ्याचे बोंड सापडले तर अख्खा प्लॉट नापास होऊ शकतो, मोठे रानसुद्धा. बाबूरावांनी मोकळ्या मनाने तोडगा काढला: काही करायचेच नाही.

"पाट्या गुपचूप सरळ करू. बोंडं राहू द्या, शेवटी बी त्या बियातच मिसळंल. ह्याची आई त्याचा बाप, त्याची आई ह्याचा बाप, सरकी सारखीच की! या विलायतेच्या डॉक्टर हायत, विचारा त्यास्नी."

"तपासताना सापडलं तर?" गयाबाईंनी विचारले.

"तर तुज्या पोरींनी केलं. माज्या पाट्यांनी का कापूस फळवला?" ते हसत म्हणाले, पण म्हणाले.

गयाबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून, जणू मीच काय ते विचारले होते, त्या म्हणाल्या, "बाई, यंदा नापासाचा ठपका आला तर पुढल्या साली ह्या चौदा जणींस्नी कुनी बोलवत न्हाई. धा वरसं लागली लोक दारात यायला." मग भाचीला, "सुमे, तू खरं सांग. फरक पडतो का?"

त्या क्षणी "नाही" म्हणणे किती सोपे होते ते मला दिसत होते. आत्या वाचली असती, बाबूराव खूश झाले असते आणि झरीत कुणीही तिला पुरावा मागितला नसता. सुमेधा विहिरीच्या काठावर बसली.

"आत्या, कापसाचं मला माहीत नाही."

"झालं मग!" बाबूराव म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे फरक नाही, असं नव्हे. उंदरांचं सांगते. एकच तुकडा, मी स्वतः घातलेला. नर उंदराकडून पिल्लात गेला तर बोलतो, मादीकडून गेला तर गप्प. आतापर्यंत तरी असंच दिसतंय."

"तुज्या विलायतेतबी बापच बोलनार व्हय?" गयाबाई म्हणाल्या, आणि मागे उभ्या राहिलेल्या बायांत हशा पिकला.

"त्याच्या शेजारीच दुसरं जनुक आहे," सुमेधाही हसली. "ते आईकडून आलेलंच बोलतं. दोघांची कळ एक. म्हणून तर मोठा तुकडा उचलावा लागतो."

गयाबाईंनी हातातले पान चुरगाळले, वास घेतला, टाकून दिले. "तुज्या उंदरात पडतो. माज्या कापसात पडत न्हाई हे तू सांगंना, अन् मालकाला ठावं न्हाई. मंग ज्याच्या रानात हे बी जाईल त्यानं काय करावं? खुडायचं. समदं खुडायचं. अन् पाट्या साहेब येईपत्तर हायत तशाच राहू द्यायच्या, म्हंजी त्यास्नी दिसंल काय झालं ते."

"तू साहेबाला सांगितलंस," बाबूराव हसू आवरून म्हणाले, "तर पुढल्या साली मी तुला बोलवत न्हाई, गयाबाई."

"नका बोलवू."

संध्याकाळच्या गाडीचा विषय कुणी काढला नाही.

बुधवार, झरी

मोठ्या रानातले काम थांबवता येत नव्हते, म्हणून खुडायला आठजणी निघाल्या: पाच नव्या मुली, गयाबाई, सुमेधा आणि मी. आठ ओळी, आठजणी. मला बांधाकडून तिसरी ओळ मिळाली.

दोऱ्याचे बोंड अजून बोराएवढे, हिरवे. ते देठासकट खुडायचे. काही आपोआप गळून पडलेली, त्यांचे दोरे मातीतून वेचायचे. पहिल्या तासाला मला फार काव्यमय वाटले. कापसाचे फूल सकाळी सायीच्या रंगाचे असते आणि दुसऱ्या दिवशी, कोमेजता कोमेजता, गुलाबी होते. आयुष्याच्या शेवटी लाजणारे दुसरे कुणी मला माहीत नाही. हे मी शेजारच्या ओळीतल्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, "बाई, फुलाकडं नगं, बुडाकडं बगा." दुसऱ्या तासाला कंबर बोलू लागली आणि काव्य थांबले.

दुपारी लिंबाखाली भाकऱ्या सुटल्या. टम्म फुगून पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी, तव्यावर रगडलेल्या मिरचीचा ठेचा. मी ठेच्याचा घास जरा आत्मविश्वासाने घेतला. नंतर बराच वेळ मला काही दिसत नव्हते. माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबत गयाबाई म्हणाल्या, "कोकनात मिरची गोड असती का वो बाई?" बाबूराव दुरून पाहत होते. ते आले नाहीत, पण त्यांच्या घरून ताकाची कासंडी आली.

दिवस कलताना बांधावर हिरव्या बोंडांचा ढीग लागला. गयाबाईंनी सगळे दोरे सोडवून घेतले आणि मोजायला बसल्या. त्या दर सकाळी बायांना दोरे मोजून देतात, वीस दोऱ्यांची एक जुडी. उरलेले परत घेतात. त्या नसताना त्यांच्या सुनेनेही हा नेम मोडला नव्हता. लिहिणे-वाचणे दोघींनाही येत नाही, पण किती दोरे रानात गेले ते तोंडपाठ.

"सव्वीस जुड्या अन् सात दोरं गेले," त्या म्हणाल्या. "आले सव्वीस अन् सहा."

पुन्हा मोजले. सव्वीस आणि सहा. उजेड होता तोवर आठही ओळी पुन्हा पालथ्या घातल्या. सापडेना.

"पाखरानं नेला असंल," एक मुलगी म्हणाली.

"असंल," गयाबाई म्हणाल्या. "न्हाई तर रानात असंल."

गुरुवार, झरी

तपासणीस दहाच्या सुमारास मोटारसायकलवरून आले. डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी, कमी बोलणारे मध्यमवयीन गृहस्थ. मोठ्या रानात तासभर फिरले. काही लिहिले. बाबूरावांनी त्यांना लिंबाकडे, म्हणजे विहिरीपासून दूर, वळवायला सुरुवात केली.

"साहेब," गयाबाई म्हणाल्या, "हिरीपल्याड चला."

त्यांनी सगळे सांगितले, थोडक्यात, उभ्याने. पाट्या दाखवल्या, दोन पाने दाखवली, बांधावरचा ढीग दाखवला. बाबूराव आकाशाकडे पाहत होते. साहेबांनी ढिगातली दोन-चार बोंडे हातात घेतली आणि विचारले, "सगळी खुडली?"

इथे हो म्हणायचे आणि संपले. मला तर वाटले त्या म्हणाल्याच.

"न्हाई साहेब. येक हाय रानात. दोरं मोजले, येक कमी भरतो. आमी लय हुडकलं. गावंना."

"अगं येका बोंडानं काय होतंय!" बाबूराव कळवळून म्हणाले.

साहेबांनी पिशवी बांधावर ठेवली, टोपी मागे सारली आणि ओळीत शिरले. मग आम्ही सगळेच शिरलो. थोड्या वेळाने बाबूरावही, धोतर खोचून.  सोळा ओळींच्या त्या तुकड्यात अर्धा तास फक्त पानांची सळसळ आणि साहेबांच्या चपलांचा आवाज.

"हे काय," साहेब म्हणाले.

एका रुंद पानाखाली, दुसऱ्या दिवशीच्या गुलाबी फुलाच्या अगदी मागे, दोरा बांधलेले इवलेसे बोंड लपले होते. बांधाकडून तिसरी ओळ. ते फूल मी ओळखले. आदल्या सकाळी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

"ही ओळ माझी होती," मी म्हटले.  "यांच्या बायांनी एकही सोडलं नाही. मी सोडलं."

"वळ कुनाची का असंना," गयाबाई म्हणाल्या, "टोळी माजी हाय."

साहेबांनी बोंड खुडले आणि दोरा सोडवून गयाबाईंच्या तळहातावर ठेवला. "आता?"

"सव्वीस अन् सात."

ते बांधावर बसून बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी बाबूरावांना सांगितले, "मोठं रान पास. हा तुकडा आठ दिवसांनी पुन्हा पाहतो, मग ठरवू. आणि टोळी बदलू नका." मोटारसायकल सुरू करता करता माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही टोळीत असता?"

"नाही हो. मी कविता शिकवते."

"हं," ते म्हणाले आणि गेले.

धूळ खाली बसल्यावर बाबूरावांनी खोचलेले धोतर सोडले. मग विहिरीवर गेले, हातपाय धुतले, परत आले आणि दोन्ही पाट्या उपटून हातात घेऊन उभे राहिले.

"आमच्यात खंडेनवमी न्हाई," गयाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "पुढल्या साली त्या दिशी पाट्या माज्या घरी आनून ठिवा. तितं त्यास्नी कुनी धुनार न्हाई."

"पाट्या तुज्याकडं अन् टोळी दुसऱ्याची, असं कसं जमंल?"

"मंग?"

"मंग काय मंग. तारीख सांग, कवा येऊ दारात ते." आणि ओशाळल्याचे कुणाला दिसू नये म्हणून ते लगबगीने "आई" लिहिलेली पाटी पलीकडच्या पट्ट्यात रोवायला निघाले.

"थांबा."

गयाबाईंनी पाटी त्यांच्या हातून काढून घेतली. तो पट्टा कुठला, हे तीन दिवस आम्हा सगळ्यांना पाठ झाले होते. तरी त्यांनी वाकून एक पान तोडले, डोळे मिटून गालाला लावले आणि मगच पाटी जमिनीत दाबली.